चौदाव्या वर्षीची सही

रॉक कारिए या क्वेबेकच्या लेखकाची १९७९ साली प्रसिद्ध झालेली एक छोटी कथा कॅनडातील बहुतेक मुलांना शाळेतच भेटते. मूळ फ्रेंच कथा शीला फिशमन यांच्या अनुवादातून 'द हॉकी स्वेटर' या नावाने इंग्रजीत गेली आणि तिथे ती मुळापेक्षाही अधिक प्रसिद्ध झाली. काळ १९४६चा, स्थळ सेंत-जुस्तीन नावाचे खेडे. गावातली सगळी मुले मोरिस रिशारचा नऊ क्रमांकाचा, मॉन्ट्रियल संघाचा स्वेटर घालून खेळतात. निवेदकाचा स्वेटर जुना होतो, आई ईटन कंपनीला पत्र लिहून नवा मागवते आणि चुकून येतो तो टोरंटो संघाचा, मेपलचे पान असलेला. परत पाठवला तर ईटनसाहेबांना वाईट वाटेल, म्हणून आई तोच घालायला लावते. मुलाला संघात खेळू देत नाहीत, तो रागाने स्टिक आपटून मोडतो, आणि पाद्री त्याला क्षमायाचनेसाठी चर्चमध्ये पाठवतो. तिथे तो देवाजवळ मागणे मागतो ते स्वेटर कुरतडणाऱ्या कसरीचे. २००२ साली निघालेल्या पाच डॉलरच्या नोटेवर या कथेतील ओळी छापल्या होत्या, यावरून तिचे तिथल्या मनातले स्थान ध्यानात यावे.

ही कथा साधारणपणे इंग्रजी आणि फ्रेंच कॅनडातील तेढीची गोड कथा म्हणून शिकवली जाते. ते बरोबरच आहे. पण मला ती प्रत्येक वाचनात दुसऱ्याच कारणासाठी खुपते. मुलाने कोणाचा स्वेटर घालायचा हे मूल सोडून बाकी सर्वजण ठरवतात: आई, दुकानदार, संघाचा प्रमुख, धर्मगुरू. आणि १९४६ सालच्या त्या देशात हे केवळ कथेपुरते खरे नव्हते. ज्या संघांचे स्वेटर मुले हौसेने अंगावर चढवीत होती, ते संघ त्या मुलांपैकी निवडकांना कागदोपत्री आपल्या नावावर करून घेत होते.

येथे हॉकी म्हणजे बर्फावरची हॉकी. मराठी वाचकाच्या मनात हा शब्द उच्चारताच ध्यानचंद आणि मैदान उभे राहते. कॅनडात त्या खेळाला 'मैदानी' असे विशेषण लावावे लागते, बर्फावरच्या खेळाला कसलेच लावावे लागत नाही. भाषेने कोणत्या खेळाला विशेषणाशिवाय ठेवले आहे, एवढ्यावरूनही एखाद्या समाजाविषयी पुष्कळ कळते.

१९४२ ते १९६७ या पंचवीस वर्षांत नॅशनल हॉकी लीग, म्हणजे एनएचएल, अवघ्या सहा संघांची होती. मॉन्ट्रियल आणि टोरंटो हे दोन कॅनडातले, बॉस्टन, न्यूयॉर्क, शिकागो आणि डेट्रॉइट हे चार अमेरिकेतले. खेळाडू मात्र जवळजवळ सगळे कॅनडातले. सहा संघ म्हणजे जेमतेम सव्वाशे जागा. त्या जागांसाठी लागणारी माणसे कुठून आणायची, या प्रश्नाचे उत्तर संघांनी 'प्रायोजन' या सभ्य शब्दात शोधले होते. प्रत्येक संघ काही ज्युनिअर संघांना पैसे पुरवी. त्या ज्युनिअर संघांच्या खाली लहान वयोगटांचे स्थानिक संघ असत. वरून पैसा खाली जाई आणि खालून मुले वर येत. कॅनडाची हौशी हॉकी संघटना १९१४ साली स्थापन झाली तेव्हा व्यावसायिकांपासून खेळाचे रक्षण करणे हे तिला आपले कर्तव्य वाटत होते. १९३६ साली तिने एनएचएलशी करार केला आणि पुढच्या तीस वर्षांत हौशी हॉकी ही व्यावसायिक हॉकीची रोपवाटिका होऊन बसली. 'खेळाडू घडवणे' हा शब्दप्रयोग याच व्यवस्थेत रुळला. घडवणाऱ्याचा घडवलेल्या वस्तूवर हक्क असतो, हा त्या शब्दातला अध्याहृत अर्थ.

या व्यवस्थेचा कणा म्हणजे तीन छापील अर्ज. 'ए' फॉर्मवर सही करणारा मुलगा संघाच्या चाचणीस येण्याचे मान्य करी. 'बी' फॉर्मने संघाला त्याच्याशी करार करण्याचा पहिला हक्क मिळे: उद्या तू व्यावसायिक झालास तर आमच्याकडेच होशील, एवढे त्यात असे. 'सी' फॉर्म या सर्वांत कडक. त्यावर सही केली की मुलाचे व्यावसायिक आयुष्य त्या संघाच्या स्वाधीन होई. मुदत कागदावर एका वर्षाची, पण दरवर्षी ती वाढवण्याचा अधिकार एकट्या संघाचा. अठरा वर्षे पूर्ण झालेला मुलगा स्वतः सही करू शकत असे. त्याहून लहान असेल तर आईवडिलांची संमती पुरे. हा कागद मी जेव्हा जेव्हा आठवतो तेव्हा मला त्याच्या भाषेपेक्षा त्याच्या तळाशी असलेली पालकाच्या सहीची जागा अधिक महत्त्वाची वाटते. कारण या इतिहासातले सगळे नाट्य त्या जागेवर घडले आहे.

गॉर्डी हाऊचे उदाहरण घेऊ. १९२८ साली सस्कॅचवन प्रांतात जन्मलेला, मंदीच्या काळात सास्काटूनमध्ये वाढलेला हा मुलगा पंधराव्या वर्षी न्यूयॉर्क संघाच्या विनिपेग येथील शिबिरात गेला आणि घरच्या आठवणीने व्याकूळ होऊन परत आला. पुढच्या वर्षी डेट्रॉइटने त्याला उचलले आणि ऑन्टॅरिओतील गॉल्ट या गावी पाठवले. नियमांच्या गुंत्यामुळे त्या मोसमात त्याला तिथे अधिकृत सामने खेळताच आले नाहीत. घरापासून शेकडो मैलांवर, परक्या गावात, लाजाळू स्वभावाचा सोळा वर्षांचा मुलगा केवळ सराव करीत राहिला. शाळेत तो रमला नाही, ती सुटली, आणि तो धातुकामाच्या कारखान्यात लागला. १९४६ साली डेट्रॉइटशी पहिला करार करताना त्याने पैशांखेरीज काय मागितले असेल? संघाचे जाकीट. ही गोष्ट त्याच्या साधेपणाचा दाखला म्हणून पुढे हजार वेळा सांगितली गेली. ऐकणारे हसतात. मला त्यात कारिएच्या कथेतला मुलगा दिसतो. फरक इतकाच की याला हवा तो स्वेटर मिळाला.

आता याच्या उलट एका वडिलांची गोष्ट. झाँ बेलिव्हो हा क्वेबेकमधील व्हिक्टोरियाव्हिल गावी वाढला. वडील वीज कंपनीत नोकरीला, घरात मुले पुष्कळ. मॉन्ट्रियल संघाला हा मुलगा हवा होता, आणि फ्रेंच कॅनडात मॉन्ट्रियल संघाला नाही म्हणणे ही सोपी गोष्ट नव्हे. पण वडिलांनी 'सी' फॉर्मला संमती दिली नाही. पुढे बेलिव्होने सही केली ती 'बी' फॉर्मवर. म्हणजे व्यावसायिक झाला तर मॉन्ट्रियलचाच, पण व्हायचे की नाही हे त्याच्या हाती. तो क्वेबेक शहरात हौशी म्हणवणाऱ्या लीगमध्ये खेळत राहिला, तिथे त्याला उत्तम पैसे मिळत होते, लोक त्याच्यावर प्रेम करीत होते आणि त्याला घाई नव्हती. अखेर १९५३ साली मॉन्ट्रियल संघाने ती अख्खी लीगच विकत घेऊन व्यावसायिक करून टाकली. लीग व्यावसायिक झाली, सबब त्यात खेळणारा बेलिव्होही व्यावसायिक ठरला, आणि 'बी' फॉर्मप्रमाणे तो मॉन्ट्रियलचा झाला. एका बापाने एका कागदावर सही नाकारली, तर तिची भरपाई करायला एक लीग खरेदी करावी लागली! व्यवस्थेच्या बळाचे आणि त्या नकाराच्या किमतीचेही याहून नेमके माप मला दुसरे सापडलेले नाही.

बहुतेक बाप मात्र वीज कंपनीतले नव्हते, आणि बहुतेक मुले बेलिव्हो नव्हती.

बॉबी ऑर जन्मला २० मार्च १९४८ रोजी, जॉर्जियन उपसागराकाठच्या पॅरी साउंड गावात. वडील स्फोटके बनवणाऱ्या कारखान्यात कामाला. १९६१च्या वसंतात पॅरी साउंडचा बॅन्टम संघ गानानोक्वे येथे सामना खेळायला गेला. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे बॅन्टम म्हणजे तेरा-चौदा वर्षांची मुले. ऑर तर नुकता तेरावा लागलेला. बॉस्टन संघाचे अधिकारी त्या दिवशी प्रेक्षकांत बसले होते ते गानानोक्वेच्या संघातली दोन मुले पाहायला. ती दोन मुले बाजूला राहिली आणि सर्वांची नजर या किरकोळ अंगाच्या बचावपटूवर खिळली. त्या काळात बॉस्टन हा लीगमधला दीनवाणा संघ होता. १९६० ते १९६७ अशी सलग आठ वर्षे तो बाद फेरीपर्यंतही पोचला नाही. अशा संघाला तेरा वर्षांच्या मुलात आपला उद्धार दिसावा, यात नवल नाही.

पुढे जे झाले ते एखाद्या मागणीसारखे आहे. बॉस्टनने पॅरी साउंडच्या मुलांच्या हॉकीला देणगी दिली. संघाचा माणूस, रेन ब्लेअर, वारंवार घरी येऊ लागला. १९६२ साली, चौदाव्या वर्षी, 'सी' फॉर्मवर सही झाली. मोबदल्यात काही पैसे, एक मोटार, आणि घराच्या बाहेरच्या भिंतींना गिलावा. हा गिलावा ऑरच्या प्रत्येक चरित्रात येतो, आणि यावाच. एका कामगाराच्या घराला काय हवे होते हे तो सांगतो, आणि समोरच्याने ते किती नेमके ओळखले होते हेही. आईला मुलगा इतक्यात दूर पाठवायचा नव्हता. म्हणून पहिल्या मोसमात ऑर गावीच राहिला, शाळा गावातच शिकला, आणि सामन्यांसाठी सुमारे अडीचशे किलोमीटरवरच्या ओशावाला मोटारीने जा-ये करीत राहिला. संघाबरोबर सराव जवळपास नाहीच. चौदा वर्षांचा मुलगा एकोणीस-वीस वर्षांच्या तरुणांविरुद्ध खेळत होता, तेही थेट मोटारीतून उतरून. दुसऱ्या वर्षी तो ओशावात एका कुटुंबाकडे राहायला गेला. परक्या घरी खेळाडूंना ठेवून घेणाऱ्या या कुटुंबांना 'बिलेट' म्हणतात. मूळ शब्द सैन्यातला, गावकऱ्यांच्या घरी सैनिक उतरवण्याचा. मुलांच्या खेळात तो कसा सहज रुळून गेला याचे कुणाला फारसे आश्चर्य वाटलेले दिसत नाही.

पुढचा भाग सर्वज्ञात आहे. ऑर १९६६ साली बॉस्टनकडून खेळू लागला, त्याने बचावपटू या जागेचा अर्थच बदलून टाकला, १९७० आणि १९७२ साली संघाला स्टॅन्ली चषक मिळवून दिला आणि गुडघ्यांवरील अनेक शस्त्रक्रियांनंतर १९७८ साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, निवृत्त झाला. १९६६च्या करारासाठी त्याच्या बाजूने बोलायला एक तरुण वकील उभा होता, ॲलन ईगलसन. खेळाडूचा स्वतःचा प्रतिनिधी ही तेव्हा धक्कादायक गोष्ट होती. संघांच्या कागदांपासून मुक्त करणारा तारणहार म्हणून ईगलसनची कीर्ती झाली; १९९८ साली फसवणुकीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली ती त्यालाच, आणि फसवले गेलेल्यांत ऑरही होता. कागद बदलला, सही घेणारा बदलला, इतकेच.

या काळातले साहित्य काय सांगत होते? स्कॉट यंग हे टोरंटोतले नामवंत क्रीडापत्रकार, गायक नील यंग यांचे वडील. त्यांनी मुलांसाठी तीन हॉकी-कादंबऱ्या लिहिल्या: 'स्क्रब्ज ऑन स्केट्स' (१९५२), 'बॉय ऑन डिफेन्स' (१९५३) आणि 'अ बॉय ॲट द लीफ्स कॅम्प' (१९६३). विनिपेगमधल्या शाळा, तिथला कडाका, पोलंडहून आलेला बिल स्पुन्स्का नावाचा मुलगा, त्याचे उशिरा स्केटिंग शिकणे. या कादंबऱ्या आजही वाचनीय आहेत, आणि स्थलांतरित मुलाला नायक करण्यात यंग यांची उदारताही दिसते. पण या मालिकेची चढण पाहावी. शाळेपासून सुरू झालेली वाट तिसऱ्या पुस्तकात टोरंटो संघाच्या शिबिरापाशी पोचते. तिथे पोचणे हेच मुलगा मोठा झाल्याचे लक्षण. मुलांच्या वाङ्मयाने त्या दाराभोवती असे तेज निर्माण केले होते की दाराशी आलेल्या माणसाच्या हातातला कागद कोण वाचत बसणार? यंग यांना दोष देण्याचा हेतू नाही. त्यांना तो व्यवसाय आतून माहीत होता आणि शिबिरातली कठोरता त्यांनी लपवली नाही. तरी स्वप्नाचा आकार त्यांच्या पुस्तकांनी ठरवला, हे नाकारता येत नाही.

या स्वप्नातून अर्ध्या मुलांना आधीच वगळलेले होते, त्याचीही एक कागदाचीच गोष्ट आहे. १९५५-५६च्या मोसमात टोरंटोच्या मुलांच्या लीगमध्ये 'ॲब हॉफमन' नावाचा एक उत्तम बचावपटू खेळत होता. निवडक संघासाठी जन्मदाखले तपासायची वेळ आली तेव्हा ॲब म्हणजे ॲबी, नऊ वर्षांची मुलगी, असल्याचे उघड झाले. काही काळ वृत्तपत्रांनी कौतुक केले, मग हॉकीने तिला वाट दाखवली. ती धावू लागली, आणि १९६४ ते १९७६ या काळात चार ऑलिंपिक स्पर्धांत कॅनडाकडून धावली.

व्यवस्थेला आतून विरोध झाला तो एका पाद्र्याकडून. फादर डेव्हिड बाऊअर टोरंटोच्या सेंट मायकेल्स कॉलेजात शिकवीत. ही शाळा म्हणजे टोरंटो संघाची हक्काची रोपवाटिका. त्यांचा थोरला भाऊ बॉबी बॉस्टनकडून एनएचएलमध्ये नावाजलेला. म्हणजे हा माणूस खेळाचा द्वेष्टा नव्हता. १९६१ साली त्यांच्या मार्गदर्शनाखाली सेंट मायकेल्सने ज्युनिअर हॉकीतला सर्वोच्च मेमोरियल चषक जिंकला आणि त्यानंतर अल्पावधीतच शाळेने ज्युनिअर हॉकीतून अंग काढून घेतले. सामन्यांची संख्या वाढत चालली होती, मुले वर्गात कमी आणि बसमध्ये जास्त असत. चषक जिंकून स्पर्धा सोडणारी शाळा! पराभूतांनी सोडली असती तर कुणी लक्षही दिले नसते. बाऊअर यांची धारणा अशी की शिक्षण आणि खेळ यांतले एक निवड असे मुलाला सांगणे हाच अन्याय आहे. त्यांनी ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात विद्यार्थ्यांचा राष्ट्रीय संघ उभारला आणि १९६४च्या इन्सब्रुक ऑलिंपिकला नेला. पदक हुकले. बाऊअर यांचा प्रयोग पुढे १९७०पर्यंत तग धरून राहिला. इतिहास बहुधा विजेत्यांच्या बाजूने लिहिला जात असल्यामुळे या प्रयोगाला 'अयशस्वी' म्हणण्याची पद्धत आहे. त्या संघातून किती जण पुढे वकील, शिक्षक, डॉक्टर झाले हा प्रश्न विचारला तर उत्तर वेगळे येईल, परंतु गुणफलकावर त्यासाठी रकाना नसतो.

प्रायोजनाची व्यवस्था शेवटी मोडली ती दयेने नव्हे, हिशेबाने. ५ जून १९६३ रोजी मॉन्ट्रियलच्या क्वीन एलिझाबेथ हॉटेलात पहिला 'ड्राफ्ट' झाला: कोणत्याही संघाच्या यादीत नसलेली मुले पाळीपाळीने निवडायची. एकवीस मुले निवडली गेली. पहिला आला सोळा वर्षांचा गॅरी मोनाहन. यादीबाहेर उरलेली मुले म्हणजे गाळ, म्हणून सुरुवातीस या प्रकाराला कुणी महत्त्व दिले नाही. १९६७ साली लीग सहांवरून बारा संघांची झाली. नव्या संघांना खेळाडू हवे होते आणि जुन्यांच्या याद्या त्यांच्या आड येत होत्या. १९६९पर्यंत प्रायोजन संपले आणि सगळी ज्युनिअर मुले ड्राफ्टमध्ये आली. त्याच सुमारास, १९६७ साली, कॅनडा सरकारच्या क्रीडा सल्लागार मंडळाच्या एका समितीने मुलांच्या शिक्षणाच्या या हेळसांडीवर बोट ठेवले होते. १९७२ साली ब्रूस किड आणि जॉन मॅकफार्लेन यांचे 'द डेथ ऑफ हॉकी' हे संतप्त पुस्तक आले. किड स्वतः लांब पल्ल्याचे धावपटू. राष्ट्राचा खेळ व्यापाऱ्यांनी पळवला, हा त्यांचा आरोप. त्याच सप्टेंबरात सोव्हिएत संघाने मॉन्ट्रियलमध्ये कॅनडाच्या व्यावसायिकांना ७-३ असे हरवले. आठ सामन्यांची ती मालिका कॅनडाने शेवटच्या मिनिटात जिंकली खरी, पण 'घडवणे' हा शब्द आता फक्त आपला राहिलेला नाही हे सर्वांना कळून चुकले. गंमत अशी की सोव्हिएत हॉकीचे शिल्पकार अनातोली तारासोव्ह ज्या पुस्तकावर वाढले ते लॉईड पर्सिव्हल या कॅनडियन प्रशिक्षकाचेच, १९५१चे. कॅनडातल्या व्यावसायिकांनी ते मनावर घेतले नव्हते.

'सी' फॉर्म गेला म्हणजे मूल मोकळे झाले का? येथे इतिहासकारांचा सूर थोडा घाईने आशावादी होतो असे मला वाटते. पूर्वी संघाचा माणूस घरी येत असे. आता घरच उठून संघाकडे निघाले. १९६१ साली जन्मलेल्या वेन ग्रेट्स्कीने दहाव्या वर्षी एका मोसमात ३७८ गोल केले. त्याच्या ब्रँटफर्ड गावातले इतर पालक इतके कडवट झाले की चौदाव्या वर्षी त्याने टोरंटोला राहायला जायचे ठरवले. खेळासाठी नव्हे, जरा शांतपणे जगता यावे म्हणून. निवासाच्या नियमावरून संघटनेने अडवले, प्रकरण न्यायालयात गेले, ग्रेट्स्की कुटुंब हरले आणि तो मोठ्या मुलांच्या ज्युनिअर बी संघात खेळला. पुन्हा तेच वय: चौदा. आणि कॅल्गरी-एडमन्टनच्या पश्चिमी प्रदेशातून १९८५ साली रॉजर बार्न्सली या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह आणखी एक अस्वस्थ करणारी गोष्ट मांडली. वयोगटाची सीमा १ जानेवारीला असल्याने वर्षाच्या सुरुवातीस जन्मलेली मुले आपल्या गटात अंगाने थोराड ठरतात, तीच निवडली जातात, त्यांनाच अधिक बर्फ आणि चांगले प्रशिक्षक मिळतात, आणि वरच्या पातळीवर जानेवारी-मार्चमध्ये जन्मलेल्यांची गर्दी दिसते. हे प्रथम लक्षात आले ते त्यांच्या पत्नीच्या, लेथब्रिजला सामना पाहताना कार्यक्रमपत्रिकेतल्या जन्मतारखा वाचताना. म्हणजे ज्याला प्रतिभेचा शोध म्हणतात त्यातला काही भाग जन्मदाखल्याचे वाचन आहे.

या सगळ्याविरुद्ध कॅनडाच्या मनात एक प्रतिमा कायम उभी असते: परसातले गोठलेले अंगण, अंधार पडेस्तोवर खेळणारी मुले, ना पंच, ना पालक. केन ड्रायडन यांच्या 'द गेम' (१९८३) या पुस्तकात तिला तिचे सर्वांत सुंदर रूप मिळाले आहे. ड्रायडन मॉन्ट्रियलचे गोलरक्षक, कॉर्नेल विद्यापीठाचे पदवीधर, वकील, पुढे केंद्रीय मंत्री. २०२५ साली ते वारले. खेळाडूने लिहिलेले इतके विचारी पुस्तक कोणत्याही भाषेत क्वचितच असेल. मोकळा वेळ आणि मोकळी जागा यांतूनच खेळात कल्पकता येते, आणि संघटित लहानपणाने नेमका तोच वेळ गिळला, हे त्यांचे प्रतिपादन. ते वाचताना मी दरवेळी सहमत होतो आणि दरवेळी मला एक तपशील अडवतो. ड्रायडन यांचे ते अंगण बर्फाचे नव्हतेच; वडिलांनी मुलांसाठी परसात फरसबंदी करून गोल उभे केले होते. गल्लीतल्या इतर घरांना असे अंगण नव्हते, म्हणूनच सगळी मुले तिथे जमत. ग्रेट्स्कीचे परसातले बर्फही वडिलांनीच हिवाळ्याच्या रात्री पाणी सोडून तयार केलेले. मुक्तीच्या या प्रतिमेमागेही कुणाचा तरी बाप उभा आहे. ते वाईट नाही; पण निसर्गाने दिलेले अंगण आणि बापाने बांधलेले अंगण यांत फरक आहे, आणि ड्रायडन यांच्यासारखा प्रामाणिक लेखक तो लपवत नाही, आपण वाचक विसरतो.

ज्यांच्या मागे बाप उभा राहू दिला नाही, त्यांचे काय? फ्रेड सासाकामूस यांचा जन्म १९३३ सालचा, सस्कॅचवनमधल्या अहताकाकूप क्री समाजातला. लहानपणी सरकारी व्यवस्थेने त्यांना घरातून उचलून डक लेक येथील निवासी शाळेत नेले. तिथे भाषा गेली, मारहाण झाली, अत्याचार झाले. आणि तिथेच एका पाद्र्याने त्यांना हॉकी शिकवली, अतिशय उत्तम शिकवली. १९५३-५४ साली ते शिकागोकडून अकरा सामने खेळले. एनएचएलमध्ये पोचलेल्या पहिल्या आदिवासी खेळाडूंपैकी ते एक. मग ते परत फिरले. घराची ओढ त्यांना कोणत्याही रिंकपेक्षा मोठी होती; पुढे ते आपल्या समाजाचे प्रमुख झाले आणि मुलांचे खेळ उभे करण्यात आयुष्य घालवले. 'कॉल मी इंडियन' हे त्यांचे आत्मकथन २०२१ साली, त्यांच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी आले. ज्या हातांनी मारले त्याच भिंतींआड स्टिक हाती मिळाली, हे दोन्ही ते एकत्र सांगतात.

रिचर्ड वॅगमीस यांच्या 'इंडियन हॉर्स' (२०१२) या कादंबरीने हीच गाठ अधिक खोल नेली. सॉल नावाचा ओजिब्वे मुलगा निवासी शाळेत पहाटे उठून रिंकवरचे बर्फ झाडतो आणि घोड्याच्या गोठलेल्या लेंड्यांचा पक करून एकटा सराव करतो. त्याला खेळाची दृष्टी आहे. पुढचा पास कुठे जाणार ते त्याला आधी दिसते. त्याला हे सारे देतो तो तरुण फादर गॅस्टन. संपूर्ण कादंबरीत त्या अंधारात हा एकच माणूस प्रकाशाचा वाटतो. आणि अगदी शेवटाकडे निवेदकाला, आणि त्याच्याबरोबर आपल्याला, आठवते की गॅस्टन त्याच्यावर लैंगिक अत्याचार करीत होता. ही कलाटणी अनेकांना रचनेची युक्ती वाटते. मला तसे वाटत नाही. मुलाने जे स्वतःपासून लपवले ते निवेदनानेही लपवणे, यात युक्तीपेक्षा निष्ठा अधिक आहे. शिवाय वास्तवाने तिला आधीच दुजोरा दिला होता. शेल्डन केनेडी या एनएचएल खेळाडूने १९९६ साली सांगितले की ज्युनिअर हॉकीत असताना त्याचा प्रशिक्षक ग्रॅहम जेम्स वर्षानुवर्षे त्याच्यावर अत्याचार करीत होता. १९९७ साली जेम्सला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. जेम्स हा तेव्हा मुलांना घडवणारा नामांकित प्रशिक्षक होता. केनेडीच्या २००६ सालच्या आत्मकथनाचे शीर्षकच 'मी काही का बोललो नाही' अशा अर्थाचे आहे. चौदा वर्षांच्या मुलाने कुणाला सांगायचे? त्याला परगावी पाठवताना सर्वांनी अभिमानाने निरोप दिलेला असतो.

२०२०च्या मोसमापासून कॅनडाने वयोगटांची जुनी नावे काढून टाकली. बॅन्टम गेले, आता 'पंधरा वर्षांखालील' असे म्हणतात. ऑगस्ट २०२५पासून ज्युनिअर लीगमध्ये खेळलेल्या मुलांना अमेरिकी विद्यापीठांच्या संघांत खेळण्याची मुभा मिळाली. शाळा की हॉकी हा प्रश्न एका नियमाच्या दुरुस्तीने पुष्कळसा सैल झाला. फादर बाऊअर १९८८ साली वारले होते.

बॉबी ऑर पुढे खेळाडूंचा प्रतिनिधी झाला. परीक्षा देऊन, परवाना घेऊन, मुलांच्या आणि संघांच्या मधोमध बसणारा माणूस. कॉनर मॅकडेव्हिडसारखा मुलगा किशोरवयातच त्याच्या संस्थेकडे आला. २०१३ साली ऑरने आत्मचरित्र लिहिले. त्यात आपल्या पराक्रमांविषयी तो फारसे बोलत नाही; पालकांविषयी बोलतो, मोटारीतून घरी परतताना मुलाला सामन्याचा हिशेब विचारणाऱ्या पालकांविषयी. त्याचे स्वतःचे वडील तसे नव्हते. त्यांनी चौदाव्या वर्षी सही केली होती, पण परतीच्या वाटेवर ते मुलाला काही विचारीत नसत.